शिक्का शेवटी

बाबा सकाळी डेअरीत दूध घालून आले की पावती देवघराच्या फळीवर ठेवायचे. लिटर, फॅट, एसएनएफ, दर. दहा दिवसांचं बिल त्यावरच निघायचं. एकदा म्हशीच्या दुधाचं ६.८ फॅट बिलात ६.१ झालं. केंद्रावरच्या कॉम्प्युटरमध्ये जुना आकडा उरलाच नव्हता. पुढे मी दूध संकलनाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की होती: एकदा झालेल्या पावतीतला आकडा हलता कामा नये.

मी टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिते. जावास्क्रिप्टला प्रकारांच्या तपासणीची जोड देणारी ही भाषा मायक्रोसॉफ्टने २०१२ साली आणली. तिच्यात 'क्लास' म्हणजे कोऱ्या पावतीचा नमुना आणि 'कन्स्ट्रक्टर' म्हणजे त्यावरून एकेक पावती भरण्याचं काम. मी 'पावती' हा मूळ क्लास केला, त्यावरून 'गायपावती' आणि 'म्हैसपावती'. पावती गोठवणारी, म्हणजे पुढे तिच्यात बदल होऊ न देणारी ओळ मूळ कन्स्ट्रक्टरमध्ये टाकली. पहिल्याच पावतीला प्रोग्राम अडला. आधी आईचा, म्हणजे मूळ क्लासचा, कन्स्ट्रक्टर पुरा होतो, लेकीचे स्वतःचे रकाने त्यानंतर भरतात. फॅट लिहिण्याआधीच मी शिक्का मारत होते.

इथे डेकोरेटर कामी आला. क्लासच्या डोक्यावर @शिक्का एवढंच लिहायचं (नावं देवनागरीत चालतात, आणि मला ती तशीच आवडतात). शिक्का हे साधं फंक्शन. त्याच्या हाती अख्खा क्लास येतो आणि ते त्याच क्लासपासून बेतलेला नवा क्लास परत देतं. नव्याचा कन्स्ट्रक्टर आधी 'सुपर' म्हणून जुन्याला सगळं काम करू देतो. रकाने भरले, की मग गोठवतो. पावती मागणाऱ्या कोडमध्ये एक अक्षर बदलावं लागत नाही.

पण शिक्का मारलेल्या म्हैसपावतीवरून कुणी आणखी एक क्लास बेतला, तर तीच अडचण पुन्हा उभी. म्हणून गोठवण्याआधी 'न्यू डॉट टार्गेट' तपासते. मागणी नेमकी याच क्लासची असेल तरच शिक्का. पुढच्या पिढीची असेल तर हात लावायचा नाही, तिने तिचा शिक्का घ्यावा.

प्रकारांचं मात्र सांभाळावं लागतं. डेकोरेटरने पावतीला 'नोंदवेळ' चिकटवली, तरी कंपायलरला ती दिसत नाही. क्लासमध्ये ती आपणच जाहीर करायची. शिवाय डेकोरेटरची सोय टाइपस्क्रिप्टमध्ये २०१५ पासून प्रायोगिक म्हणून होती आणि नव्या रूपात मार्च २०२३ मध्ये, ५.० आवृत्तीत आली. दोन्ही रूपांची घडण वेगळी आहे, त्यामुळे जुनं उदाहरण उचलण्याआधी ते कुठल्या रूपातलं आहे हे पाहावंच.

आता फॅट चुकलं तर सुपरवायझरला नवी पावती काढावी लागते. जुनी तिच्या नंबरासकट तशीच राहते, आणि दूध घालणाऱ्याला दोन्ही दिसतात.