आजीची वाकळ अटलांटाच्या व्यासपीठावर

घरात जुनेर साठले की आपल्या आयाबाया वाकळ शिवायला घेतात. वाचकहो, अशीच एक वाकळ १९८८ साली अमेरिकेच्या राजकारणात गाजली.

त्या वर्षी १९ जुलैला अटलांटा शहरात डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात कृष्णवर्णीयांचे नेते रेव्हरंड जेसी जॅक्सन बोलायला उभे राहिले. अध्यक्षपदाची उमेदवारी त्यांच्या हातून निसटली होती. ती मायकेल डुकाकिस यांना मिळणार हे ठरलेलेच होते. जॅक्सन यांनी दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलची, आपल्या आजीची आठवण काढली. ब्लँकेट घेण्याची तिची ऐपत नव्हती. लोकर, रेशीम, गोणपाट, हाती लागतील ते तुकडे तिने जमवले. सुटे पाहिले तर बूट पुसायच्या लायकीचे! पण दणकट हातांनी, मजबूत दोऱ्याने तिने ते जोडले आणि पोरे गारठली नाहीत.

मग ते एकेकाकडे वळले. शेतकरी रास्त भाव मागतात, त्यांचे बरोबर आहे, पण त्यांचे ठिगळ पुरेसे मोठे नाही. कामगारांचे, स्त्रियांचे, कृष्णवर्णीयांचे, हिस्पॅनिकांचेही तसेच.

यातले 'तुमचे बरोबर आहे' फार मोलाचे. एरवी एकी करा म्हणणारा पुढारी आधी तुमचे गाऱ्हाणे बाजूला ठेवायला सांगतो. अमेरिकेला वितळवणाऱ्या भट्टीची उपमा जुनीच आहे. भट्टीत गेलेला तुकडा पुन्हा ओळखू येतो का? वाकळीत मात्र आईच्या लुगड्याचा काठ वर्षांनंतरही बोट ठेवून दाखवता येतो. जॅक्सन यांनी १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतही हीच उपमा वापरली होती. अटलांटात तिला आजीचे हात मिळाले.

अर्थात टाके उसवतातही. १९८४ च्याच प्रचारात खासगी गप्पांत ज्यूंविषयी एक हिणकस शब्द त्यांच्या तोंडून गेला, तो छापून आला. त्यांनी माफी मागितली, तरी ते ठिगळ पूर्वीसारखे बसले नाही. सगळ्यांना जोडायला निघालेल्या माणसाला हे शोभले नाही, असे आम्हाला वाटते.

उमेदवारी दोन्ही वेळा हुकली. पण १९८४ च्या प्राथमिक निवडणुकांतली ३० लाखांहून अधिक मते १९८८ मध्ये ६५ लाखांच्या वर गेली. मोटार कारखान्यांच्या मिशिगन राज्यात कृष्णवर्णीय अल्पसंख्यच आहेत. तिथे मार्च १९८८ मध्ये जॅक्सन यांनी डुकाकिस यांना हरवले होते.