ओठाला न लावलेला प्याला

मी मद्य घेत नाही. धर्माची मनाई आहे आणि ती मला मनापासून मान्य आहे. पण तीस वर्षे गझला लिहितो आहे, त्यामुळे साकी आणि प्याला माझ्या ओळींत कितीदा तरी येऊन गेले. दिंडोरीकडचा माझा द्राक्षबागाईतदार मित्र एकदा म्हणाला, ''शायर, ज्याचा कधी वासही घेतला नाहीस, त्यावर किती दिवस लिहिणार?'' बोलणे मनाला लागले.

पुण्यात २००९ साली डूलालीने लहान प्रमाणावर ताजी बियर बनवायला सुरुवात केली. नंतर तशी ठिकाणे वाढली. त्यांपैकी एका ठिकाणी मित्र मला घेऊन गेला. त्याने पेला पुढे केला. मी तो फक्त नाकाशी धरला. पिकलेला पेरू! मागाहून पपनसाची साल. ''यात फळाचा रस किती?'' मी विचारले. ''थेंबही नाही,'' तो हसला.

मग हा वास येतो कुठून? बियर मोड आणून वाळवलेल्या सातूची करतात. तिच्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालतात. ही फुले खूप वेळ उकळली की कडवटपणा उतरतो, पण सुगंध वाफेबरोबर उडून जातो. आमटीत कोथिंबीर आपण शेवटी घालतो ना, तसेच हे. सुगंध हवा असेल तर आंबवण झाल्यावर थंड बियरमध्ये फुले पुन्हा भिजत ठेवतात. हॉप्समुळे बियर टिकतेही. इंग्लंडहून महिनोन्‌महिने बोटीने हिंदुस्थानात येणाऱ्या बियरमध्ये म्हणूनच ती जास्त घालत. 'इंडिया पेल एल' या नावात आपला देश आला तो असा.

नाशिककरांना जवळची वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. आपल्याकडे वाइनसाठी सॉव्हिन्यों ब्लांक ही द्राक्षे लावतात. त्या वाइनमध्ये, पेरूमध्ये आणि काही हॉप्समध्ये एकाच जातीची गंधकयुक्त सुगंधी द्रव्ये असतात. न्यूझीलंडमधल्या एका हॉप्सला 'नेल्सन सॉव्हिन' हे नाव या द्राक्षावरूनच मिळाले. गुलाबाच्या अत्तरातले जिरॅनिऑलही हॉप्समध्ये सापडते.

अत्तराची पारख मला लहानपणापासूनची. जुन्या नाशकात अब्बा अत्तर मनगटावर लावून थोडा वेळ थांबत. पहिल्या वासावर सौदा करत नसत. मित्राची रीत तशीच निघाली. बियर बर्फासारखी गार नको, गारठ्यात वास दबतो. पेला निमुळत्या तोंडाचा आणि साबणाचा वास नसलेला हवा. आधी हुंगायचे, मग लहान घोट, आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा. जिभेला गोड, आंबट, कडू कळते. पेरू की पपनस, हे नाकच सांगते. शिवाय बियर ताजी हवी. हा सुगंध काही आठवड्यांतच उतरू लागतो आणि उन्हात ठेवली तर बियरला दुर्गंधी सुटते.

घोट त्याने घेतला. मी विचारले, ''कसा लागला?''

''आधी पेरू. मग कडू. आणि कडूच बराच वेळ राहतो.''

घरी येऊन जुनी वही काढली. एका शेरात मी मद्याला सरळ 'मधुर' म्हटले होते. तो शब्द खोडला. त्या जागी बसेल असा शब्द अजून सापडलेला नाही.