हिरडी सरकली, मूळ उघडं पडलं. दात काढायलाच हवा का?



कैरीची फोड किंवा माठातलं गार पाणी दाताला लागलं की कळ जाते? दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात? दात वाढलेला नसतो. हिरडी मागे सरकून तिच्याखालचं मूळ उघडं पडलेलं असतं. मुळावर दातासारखं टणक कवच नसतं, म्हणून गार आणि आंबट लगेच झोंबतं. मग आपण म्हणतो, "काढून टाका तो दात." पण थांबा. दात घट्ट असेल, तर तो बहुतेक वेळा वाचवता येतो.

हिरडी सरकते कशाने? एक, मशेरीने. दुखणं थांबल्यासारखं वाटतं म्हणून आपण ती लावतो, पण रोज घासून हिरडी झिजते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. दोन, कडक ब्रश आडवा, जोरात घासल्याने. तीन, दातांवर कीटण साचून हिरडी सुजते, रक्त येतं आणि आतलं हाडही झिजतं. यालाच आपण पायरिया म्हणतो.

सरकलेली हिरडी हळद-मिठाने, लवंगेच्या तेलाने किंवा कुठल्याही पेस्टने परत जागेवर येत नाही. आधी डॉक्टर कीटण काढतात. "साफ केल्याने दात हलायला लागतात" हा गैरसमज आहे. कीटण निघालं की त्याने झाकलेल्या फटी दिसतात, इतकंच. नुसतं झोंबत असेल, तर खास पेस्ट, मुळावर औषधाचा लेप किंवा सिमेंट भरून भागतं. हिरडी सरकतच चालली असेल, तर ऑपरेशनचा विचार होतो.

ही ऑपरेशनं मुख्यतः तीन प्रकारची असतात.

पहिलं, त्याच दाताची किंवा शेजारची हिरडी सैल करून मुळावर ओढून शिवतात.

दुसरं, हिरडी फार पातळ असेल, तर टाळूतून छोटा तुकडा घेऊन तिथे लावतात. टाळूची जखम साधारण दोन-तीन आठवड्यांत भरते.

तिसरं, पायरियात हिरडी उघडून मुळं आतून साफ करतात आणि टाके घालतात. हे मूळ झाकण्यासाठी नसतं. उलट सूज उतरल्यावर मूळ थोडं जास्तच दिसतं. हे आधी माहीत असलं, म्हणजे नंतर "ऑपरेशन फसलं" असं वाटत नाही.

सगळं जागा बधिर करून होतं आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. दोन दातांमधलं हाड शाबूत असेल, तर मूळ पूर्ण झाकलं जाऊ शकतं. हाड झिजलं असेल, तर थोडंच झाकलं जातं. म्हणून लवकर दाखवा आणि विचारा, "माझं मूळ किती झाकलं जाईल?" साखर, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा दिवस गेले असतील, तर आधीच सांगा.

नंतर एक-दोन आठवडे तिथे ब्रश लावायचा नाही, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने गुळण्या करायच्या. कोमट पेज, मऊ भात खा. पापड, कडक भाकरी नको. ओठ ओढून टाके बघू नका. आणि मशेरी तर नाहीच. तंबाखू चालू राहिला, तर जखम नीट भरत नाही आणि केलेलं काम वाया जाऊ शकतं.

दाखवायचं कुठे? उपजिल्हा रुग्णालय पेणला आहे, रोह्यालाही आहे. तिथे किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करा. पुढच्या उपचारांसाठी मुंबईत सीएसएमटीजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. तपासणी, टाके आणि पुन्हा दाखवणं अशा काही फेऱ्या होतात, तेव्हा रोजगार बुडण्याचा हिशेब आधीच धरा.

मशेरी एकटीने सुटत नाही. गटाच्या येत्या बैठकीत दोघी-दोघींच्या जोड्या लावा आणि एकमेकींना रोज विचारा. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा मोफत सरकारी क्रमांक आहे. आणि लेकीच्या हातात मशेरीची डबी जाऊ देऊ नका.