झटपट वाढणारं, पण इथलंच

नवी मुंबईतल्या नव्या सोसायटीला राहायला आल्याबरोबर सावली हवी असते आणि ती मागणी अगदी रास्त आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, त्यानंतर खाजणात भराव घालून आणि पारसिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी हे शहर वसलं. अशा तापणाऱ्या जागी वडा-चिंचेची वीस वर्षं वाट बघा, असं कुणाला सांगायचं? गडबड होते ती झाड निवडताना. पाइनसारखं काहीतरी हवं म्हणून सुरू किंवा अरौकेरिया आणून लावतात. सह्याद्रीच्या या भागात पाइन आपणहून उगवतच नाही. चीड हिमालयातला, खासी पाइन मेघालयाकडचा. सुरू तर पाइनच्या कुळातलाही नाही. त्याची हिरवी काडी दोन चिमटींत धरून ओढली, की ती सांध्यावर सुटते आणि तिथे बारीक दातांचं कडं दिसतं. ते दात म्हणजे त्याची पानं. जिला आपण सुई समजतो, ती फांदी.

किनाऱ्यावरच्या वाळूत सुरूला तोड नाही, हे मान्यच. तो वारा अडवतो, मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्रही मिळवतो. पण त्याच्या काड्यांच्या जाड थराखाली दुसरं फारसं काही रुजत नाही. बागेत ते कशाला? नत्रच हवं तर ते आपला करंजही मिळवतो, शिवाय खारट माती सोसतो. पाम बीच रस्त्याच्या बाजूच्या भरावावर तो आणि भेंडी लावावी. मोकळ्या, निचऱ्याच्या जागेत मात्र काटेसावर. देशी झाडं सावकाश वाढतात, ही समजूत ती पहिल्या काही वर्षांतच खोटी ठरवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलं येतात, तेव्हा मैना, बुलबुल, कोतवाल यांची तिथे रीघ लागते. ती पानं गाळते, हा आक्षेप नेहमीचा. पण गाळते हिवाळ्यात, आणि मे महिन्याच्या कडक उन्हात तिच्यावर नवी पालवी असते. तिचं लाकूड हलकं, पावसाळी वाऱ्यात फांदी मोडेल, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून ती पार्किंगला किंवा इमारतीला खेटून लावू नये, मैदानाच्या कडेला लावावी. कोवळ्या खोडावर काटे असतात, तेव्हा घसरगुंडीपासूनही लांबच. आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले तर कुठलंच झाड धड उभं राहत नाही, मग ते देशी असो की परदेशी.

सावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटतात. बी ताजं असतानाच पेरावं, जुनं झालं की उगवण घटते. रोपांसाठी खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यावेत आणि जूनचे पहिले चांगले पाऊस झाले की लागवड उरकावी.