‘लोकांना काय हवंय?’ हे मोजायचं कसं? कॉलेज फुटबॉल गेममधल्या प्लेबुकचं उदाहरण

पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांच्या उद्दिष्टांत एक वाक्य हमखास असतं: ‘वापरकर्त्यांच्या अपेक्षांचा अभ्यास करणे’. विषय मोबाईल अ‍ॅपचा असो, पेरणी यंत्राचा असो किंवा ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचा. वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. पण समितीतलं कोणीतरी विचारतं, ‘‘अपेक्षा मोजणार कशा?’’ आणि तिथे गाडी अडते. ‘‘प्रश्नावली देऊ, पाचपैकी गुण द्यायला सांगू, सरासरी काढू’’ हे उत्तर का पुरत नाही, ते आज एका लांबच्या उदाहरणावर बघू. लांबचं अशासाठी, की जवळच्या विषयात आपली मतं आधीच पक्की झालेली असतात.

उदाहरण आहे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या व्हिडिओ गेमचं. हा फुटबॉल आपला, पायाने खेळायचा नव्हे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता, अकरा विरुद्ध अकरा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. दोन प्रयत्नांच्या मध्ये खेळ थांबतो आणि पुढची चाल ठरते. कबड्डीतला रेडर समोर जाऊन बघतो आणि ठरवतो. इथे अकराही जणांनी कुठे उभं राहायचं, कुठे पळायचं, कोणाला अडवायचं हे आधीच कागदावर असतं. अशा चालींचा संच म्हणजे प्लेबुक.

व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. कॉलेजच्या सर्वोच्च विभागात २०२४ च्या मोसमात १३४ होते, आणि त्यांच्या खेळण्याच्या तऱ्हाही खूप वेगवेगळ्या. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या लष्करी अकादम्या वर्षानुवर्षं ‘ऑप्शन’ खेळत आल्यात: चेंडू हातात ठेवून पळायचं, आणि स्वतः पळायचं की बाजूच्याला द्यायचा हे समोरच्या बचावपटूची हालचाल बघून ठरवायचं. दुसऱ्या टोकाला हॅल मम आणि माइक लीच या प्रशिक्षकांची ‘एअर रेड’. फेकण्यावर भर, चाली मोजक्याच, पण त्याच चालींचा सराव इतका की त्या अंगात मुराव्यात. मैदानावरच्या खुणासुद्धा वेगळ्या आहेत. चेंडू ज्या दोन खुणांच्या दरम्यान ठेवतात, त्यांतलं अंतर कॉलेजमध्ये ४० फूट, तर एनएफएलमध्ये साडेअठरा. त्यामुळे कॉलेजमध्ये एका बाजूला बरीच मोकळी जागा मिळते, आणि काही चाली तिथेच शोभतात.

आता गेम. ईए स्पोर्ट्सच्या ‘एनसीएए फुटबॉल’ मालिकेत २०११ च्या आवृत्तीत, म्हणजे ‘१२’ मध्ये, खेळणाऱ्याला स्वतःचं प्लेबुक जुळवता येत होतं. या संघाची ही चाल, त्या संघाची ती रचना, असं निवडून आपला संच तयार करायचा. जुलै २०१३ मध्ये ‘एनसीएए फुटबॉल १४’ आला आणि मालिका थांबली. खप नाही म्हणून नव्हे. एड ओ’बॅनन हा माजी बास्केटबॉलपटू आणि सॅम केलर हा माजी क्वार्टरबॅक, दोघांनी २००९ मध्ये वेगवेगळे दावे लावले होते: गेममध्ये नाव नाही, पण अंगकाठी, जर्सीचा नंबर, खेळण्याची लकब आमचीच, आणि पैसे मात्र शून्य. पुढे ईए, परवाने देणारी कंपनी आणि एनसीएए यांनी मिळून ६ कोटी डॉलरची तडजोड केली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे पैसे घ्यायची मुभा मिळाली, आणि जुलै २०२४ मध्ये ‘कॉलेज फुटबॉल २५’ आला. १३४ संघ, सामील व्हायला तयार असलेल्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत.

जुन्या गेममध्ये खेळाडूंच्या नावाच्या जागी फक्त स्थान आणि नंबर असायचा. मग चाहते काय करायचे? शेकडो खेळाडूंची नावं हाताने टाइप करायचे आणि ती फाइल बाकीच्यांना फुकट वाटायचे. ‘मला खरी नावं हवीत’ यावर पाचपैकी पाच गुण देणं फुकट आहे, बोट फिरवलं की झालं. रात्री जागून शेकडो नावं टाइप करणं फुकट नाही. अर्थशास्त्रात यांना ‘सांगितलेली पसंती’ आणि ‘कृतीतून दिसलेली पसंती’ म्हणतात. तुमच्या विषयात अशी कृती शोधा: लोक कुठे स्वतःच जुगाड करतात, कागदावर वेगळा तक्ता ठेवतात, अवजाराला तार बांधतात? माझ्या मते प्रश्नावलीच्या आधी एक महिना फक्त हे बघण्यात घालवला तरी तो वाया जात नाही.

पण कृतीचा आकडाही डोळे झाकून घेऊ नका. समजा कंपनीच्या नोंदींत दिसलं, की फार थोड्या लोकांनी प्लेबुक बनवलं. मागणी कमी आहे म्हणून? की तो पर्याय चार मेनूंच्या आत दडलाय म्हणून? की बनवल्यावर संगणकाचा संघ त्या चाली कुठल्या प्रसंगी वापरायच्या हे समजून घेत नाही, त्यामुळे एकदा वैतागून लोकांनी नाद सोडला म्हणून? वापराचा आकडा या तीन कारणांत फरक करत नाही. तो फरक मुलाखतीतून कळतो.

आता सरासरीकडे येऊ. पुढचे आकडे मी हिशोबासाठी बनवलेत, कुठल्या सर्वेक्षणातले नाहीत. समजा १,००० खेळणारे आहेत. ‘स्वतःचं प्लेबुक’ या सुविधेला ९०० जण दहापैकी २ गुण देतात आणि १०० जण १०. सरासरी २.८. ‘नवा कॅमेरा अँगल’ याला सगळेच ४ देतात. सरासरी ४. कॅमेरा जिंकला.

पण ते ९०० जण मोसमात प्रत्येकी १० तास खेळतात आणि १०० जण प्रत्येकी २०० तास, असं धरा. आता गुणांना तासांचं वजन द्या. एकूण तास ९,००० अधिक २०,०००, म्हणजे २९,०००. प्लेबुकची भारित सरासरी साधारण ७.५ येते. कॅमेरा ४ वरच. तीच माणसं, तीच उत्तरं, निकाल उलटा!

मग बरोबर काय? इथे संख्याशास्त्र तुम्हाला उत्तर देणार नाही. माणसागणिक एक मत की तासागणिक एक मत, हा मूल्यांचा निर्णय आहे. तो घेणं टाळता येत नाही, कारण साधी सरासरी काढली तरी तुम्ही तो घेतलेलाच असतो, फक्त न सांगता. म्हणून डेटा हातात यायच्या आधी तो पद्धतीच्या प्रकरणात लिहून टाका. नंतर लिहिलात तर निकाल बघून वजन निवडलं असं वाचणाऱ्याला वाटेल, आणि तसं वाटण्यात त्याची काही चूक नसेल.

या ठिकाणी कामाला येणारी एक जुनी पद्धत म्हणजे जपानच्या नोरिआकी कानो आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये मांडलेली. एका सुविधेबद्दल दोन प्रश्न विचारायचे: ‘स्वतःचं प्लेबुक बनवता आलं, तर कसं वाटेल?’ आणि ‘बनवता आलं नाही, तर कसं वाटेल?’ उत्तरं दोन्हीकडे तीच पाच: आवडेल, तसं असायलाच हवं, काही फरक नाही, चालवून घेईन, आवडणार नाही. जोडी महत्त्वाची. असलं तर ‘असायलाच हवं’ आणि नसलं तर ‘आवडणार नाही’, म्हणजे ती मूलभूत अपेक्षा. दिलीत तर कोणी शाबासकी देणार नाही, नाही दिलीत तर शिव्या. असलं तर ‘आवडेल’ आणि नसलं तर ‘काही फरक नाही’, म्हणजे सुखद धक्का.

यात एक जोडी लोक घाईत टाकून देतात: असलं तर ‘आवडणार नाही’, नसलं तर ‘आवडेल’. म्हणजे सुविधा नकोच. प्लेबुक कोणाला नको असेल? ऑनलाइन खेळणाऱ्यांतल्या काहींना. त्यांच्या बाजूने विचार करून बघा. प्रत्येकाला सगळ्या संघांतल्या चाली एकत्र करता आल्या, तर थोड्याच दिवसांत सगळे जण गेममधल्या त्याच दहा-पंधरा ‘हमखास’ चाली गोळा करतील. मग आर्मीशी खेळा नाहीतर दुसऱ्या कोणाशी, समोर सारखंच येणार. १३४ संघांची जी विविधता गेमचा जीव आहे, तीच जाईल. उलट एकट्याने वर्षानुवर्षांची कारकीर्द खेळणाऱ्याला नेमकं हेच स्वातंत्र्य हवं असतं: छोट्या कॉलेजात आपली पद्धत रुजवायची. एकच सुविधा, एकाला मूलभूत, दुसऱ्याला नकोशी. दोघांची सरासरी काढली तर ‘काही फरक नाही’ येईल, आणि हे उत्तर दोघांपैकी एकानेही दिलेलं नसेल!

म्हणून कानो वापरा, पण गट आधी पाडा. गट वय-लिंगाने पाडायची आपल्याकडे सवय आहे, कारण ते रकाने फॉर्ममध्ये तयारच असतात. इथे ते जवळपास निरुपयोगी. इथे गट पडतो ‘एकट्याने की ऑनलाइन’ या प्रश्नावर. तुमच्या विषयात तो कुठल्या प्रश्नावर पडतो, हे पाच-सात मुलाखतींतून बाहेर येतं.

सुविधा पंधरा-वीस असतील तर कानोचे तीस-चाळीस प्रश्न होतात आणि लोक कंटाळून उभी रेघ मारत जातात. अशा वेळी ‘सर्वांत महत्त्वाची, सर्वांत बिनमहत्त्वाची’ पद्धत बरी. एका वेळी चारच सुविधा दाखवायच्या आणि त्यांतली एक वरची, एक खालची निवडायला लावायची. सगळ्यांना पाच देण्याची पळवाट बंद होते. मात्र प्रत्येक सुविधा सारख्याच वेळा समोर येईल अशी रचना आधी करावी लागते, आणि निकालात फक्त क्रम आणि अंतर कळतं. नकोशी सुविधा कुठली, हे कळत नाही. आपल्या प्लेबुकच्या बाबतीत तेच कळायला हवं होतं. त्यामुळे मी इथे आधी मुलाखती, मग या पद्धतीने वीसातून सहा सुविधा, आणि त्या सहांवर गटवार कानो, असा क्रम ठेवीन. मुलाखतीत कोणी एखादी सुविधा ठामपणे नाकारली असेल, तर ती सहांत बसो न बसो, कानोच्या यादीत घालीन.