प्रोटॉनचा माग

व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून उंचावर जाऊन विश्वकिरण शोधले. ते कुठून येतात, हा प्रश्न मात्र शंभर वर्षं पुरला. विश्वकिरण म्हणजे बहुतांशी प्रोटॉन. विद्युतभारामुळे आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात ते असे भरकटतात, की पृथ्वीवर पोचेपर्यंत मूळ दिशेचा पत्ता लागत नाही. वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्येच सुपरनोव्हांकडे बोट दाखवलं होतं. पुरावा द्यायचा तो सरळ रेषेत येणाऱ्या गॅमा किरणांनी.

१९९०च्या दशकात एग्रेट या अवकाशातल्या उपकरणाला सुपरनोव्हांच्या काही अवशेषांजवळ गॅमा स्रोत दिसले, पण चित्र धूसर होतं. स्पष्ट आकृती मिळाली २००४ मध्ये. गॅमा किरण वातावरणात शिरला की कणांचा वर्षाव होतो. त्याचं गणित होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडलं होतं. त्या वर्षावाचा क्षणिक निळा प्रकाश टिपून नामिबियातल्या ‘हेस’ दुर्बिणींनी आरएक्स जे१७१३.७-३९४६ या अवशेषाचं कवच गॅमा किरणांत दाखवलं. क्ष-किरणांत दिसलेलंच ते कवच! या साऱ्या शोधातला सर्वांत देखणा क्षण मी यालाच मानतो.

तरी वाद मिटला नाही. वेगवान इलेक्ट्रॉनही विश्वातल्या पार्श्वप्रारणाला धडकून तसेच गॅमा किरण निर्माण करतात. अवशेष चमकतो एवढ्यावरून प्रोटॉन सिद्ध होत नाहीत. उलट २०११ मध्ये फर्मी दुर्बिणीने याच अवशेषाचा वर्णपट मोजला, तेव्हा पारडं इलेक्ट्रॉनकडे झुकलं.

उत्तर मिळालं ते वृद्ध, वायुमेघांना भिडलेल्या अवशेषांत. प्रोटॉन वायूवर आदळले की उदासीन पायॉन जन्मतात आणि लगेच दोन गॅमा किरणांत फुटतात. त्यामुळे २०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली वर्णपट झपाट्याने उतरायला हवा. आयसी ४४३ आणि डब्ल्यू४४ या अवशेषांत तोच उतार फर्मीच्या चमूने २०१३ मध्ये दाखवला.

पण विश्वकिरणांचा आलेख सुमारे ३,००० टेराइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत अखंड जातो. कॅसिओपिया ए हा जेमतेम साडेतीनशे वर्षांचा, जोमदार अवशेष. ‘मॅजिक’ दुर्बिणींच्या २०१७च्या निरीक्षणांनुसार त्यातले प्रोटॉन सुमारे १० टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या फारसे पुढे जात नाहीत. सुपरनोव्हा अवशेष प्रोटॉनना वेग देतात, हे सिद्ध झालं आहे. सर्वोच्च ऊर्जेचं श्रेय त्यांना देण्याजोगा पुरावा अजून हाती आलेला नाही.