आळंदी ते पंढरपूर : सहकुटुंब सायकलवारी

आषाढी एकादशी जवळ आली, की पुण्या-मुंबईकडील सायकलस्वारांचे गट पंढरपूरच्या दिशेने निघतात आणि एक-दोन दिवसांत तेथे पोहोचतात. त्यांच्या दमाचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र, नऊ-दहा वर्षांच्या मुलांना बरोबर घेऊन हीच वाट सायकलने करायची असेल, तर हा आदर्श उपयोगाचा नाही. अशा कुटुंबाने धडा घ्यावा तो पायी चालणाऱ्या पालखीकडून.

पंढरीची वारी ज्ञानेश्वर-तुकारामांहूनही जुनी. संत तुकारामांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळ्याची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या स्वतंत्र पालखीला आजची शिस्त दिली. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघालेली पालखी आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. पुणे ते सासवड हा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास, तर लोणंद ते तरडगाव जेमतेम आठ किलोमीटर. इतर बहुतेक मुक्काम दहा ते वीस किलोमीटरवर येतात. पाणी, सावली आणि शेकडो पानांची पंगत उठविण्याची गावाची ताकद पाहून हे मुक्काम स्थिरावले. म्हातारी माणसेही चालू शकतील, असाच हा बेत आहे. म्हणूनच तो लहान मुलांच्या पायांनाही मानवतो. मूल थकले, तर पुढचे गाव फार दूर नसते.

भूगोलही सोबतीला आहे. खरी परीक्षा दिवे घाटाची. सुमारे चार किलोमीटरची ही चढण पार केली, की सासवडचे पठार लागते. ते पुण्याहून सुमारे दोनशे मीटर उंच आहे. पंढरपूर मात्र पुण्याहूनही सखल आहे. म्हणजे एकदाच चढायचे आणि मग कऱ्हा, नीरा व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतून हळूहळू उतरत जायचे. घाटात मुलांनी सायकल हातात धरून चालणे यात कमीपणा मानू नये. वारकरीही हा घाट चालतच चढतात! घाटाच्या रुंदीकरणाचे काम हाती घेण्यात आले असल्याने निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती विचारून घ्यावी.

सात दिवसांचा बेत मुलांना झेपणारा आहे. पहिल्या दिवशी आळंदीला दर्शन घेऊन पहाटेच पुणे गाठावे. तो दिवस रविवार असेल तर उत्तम. दुसऱ्या दिवशी दिवे घाट चढून सासवड. तेथे सोपानकाकांची समाधी आणि संगमेश्वराचे मंदिर पाहावे. तिसऱ्या दिवशी जेजुरीचा गड खालूनच नमस्कारून वाल्ह्यामार्गे नीरा; सर्वांत लांबचा दिवस हाच. चौथ्या दिवशी लोणंद, तरडगाव करीत फलटण. पाचव्या दिवशी बरडमार्गे नातेपुते, सहाव्या दिवशी माळशिरस ओलांडून वेळापूर. तेथील अर्धनारीनटेश्वराचे मंदिर चुकवू नये. सातव्या दिवशी भंडीशेगाव, वाखरी आणि पंढरपूर.

काळ निवडताना भावनेपेक्षा विवेक मोठा मानावा. प्रत्यक्ष वारीच्या दिवसांत लाखो माणसे पायी चालत असतात. तेथे मुलांच्या सायकली वारकऱ्यांच्याही अडचणीच्या ठरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुखद असते; पण हाच उसाच्या गळिताचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर फलटणपासून पुढे सतत भेटतात. बाहेर आलेला ऊस बाजूच्या सायकलस्वाराला घासू शकतो आणि अनेक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. त्यामुळे सूर्योदयानंतर निघावे आणि संध्याकाळी अंधारापूर्वी मुक्कामी असावे, हा नियम मोडू नये. ट्रॅक्टर मागून येताना दिसला, तर रस्त्याखाली उतरून थांबावे.

रस्ताही आता पूर्वीचा राहिलेला नाही. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन झाले आणि दिवे घाटापासून मोहोळपर्यंतचा सुमारे २२१ किलोमीटरचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ९६५ म्हणून आखला गेला. रुंद रस्त्याबरोबर वाहनांचा वेग वाढला आणि सावली विरळ झाली. जेथे महामार्ग गावाला वळसा घालतो, तेथे सायकलस्वारांनी गावातून जाणारा जुना रस्ता धरावा. दोन किलोमीटर जास्त पडतील. पण वडाचा पार, चहाची टपरी आणि हवा भरून देणारा सायकलवाला तेथेच भेटेल.

चालण्याचा क्रमही दिंडीकडून शिकावा. पताकाधारी पुढे, वीणेकरी मध्ये, डोक्यावर तुळस घेतलेल्या महिला मागे, अशी ती रचना. कुटुंबातही एक मोठे माणूस पुढे, मुले मध्ये आणि दुसरे मोठे माणूस सर्वांत मागे असावे. वेग ठरविण्याचा अधिकार मात्र पुढच्याला नाही, मागच्याला. मुलांच्या तोंडून ‘अजून किती राहिले?’ हा प्रश्न वारंवार येऊ लागला, की तो विश्रांतीचा इशारा समजावा. थकव्यातून झालेल्या दुर्लक्षाने अपघात होऊ शकतात.

सामान थोडेच घ्यावे. हेल्मेट, भडक रंगाचे कपडे, मागचा लाल दिवा, पंप आणि पंक्चरचे साहित्य अनिवार्य. वाटेवरच्या दुकानांत साध्या सायकलीची ट्यूब मिळते. गिअरच्या सायकलीची मिळेलच असे नाही, म्हणून ती जवळ ठेवावी. निघण्यापूर्वी महिनाभर मुलांना आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस किलोमीटरचा सराव द्यावा. परतीसाठी टेम्पो आधीच ठरविलेला बरा.

पंढरपुराच्या अलीकडे वाखरी लागते. निरनिराळ्या गावांहून आलेल्या संतांच्या पालख्या तेथे एकत्र येतात आणि मगच सर्व मिळून पंढरीत प्रवेश करतात. सहकुटुंब सायकलवारीनेही वाखरीला थांबावे. पुढे गेलेल्याने मागच्याची वाट पाहावी आणि उरलेले अंतर सर्वांनी मिळून कापावे. अडीचशे किलोमीटर किती तासांत झाले, हे मुले लवकरच विसरतील. आपल्यासाठी घर थांबले होते, हे मात्र त्यांच्या लक्षात राहील.